एक लुगडं, दोन माग

ईदनंतरच्या रविवारी धुळ्याला आपाकडे गेले होते. तिनं माळा आवरायला काढला होता आणि भंगारवाला दारात काटा घेऊन उभा होता. जुना कुकर, मोडका कूलर, वायरींचा गुंता, आणि त्यातच एक खोका. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन जाडजूड ग्राफिक्स कार्डं आणि त्या दोघांना एकमेकांशी जोडणारा बोटभर लांबीचा एक तुकडा. भंगारवाला म्हणाला, "बाजी, किलोवर घेईन." आपानं माझ्याकडे पाहिलं. त्यातल्या एका कार्डात माझ्या बीसीचे २६ हजार रुपये होते.

मी खोका उचलला आणि एसटीनं जळगावला घेऊन आले. आता त्याचं करायचं काय, हे मलाही माहीत नव्हतं. पण किलोवर द्यायला मन होईना.

मी शाळेत उर्दूही शिकवते आणि मराठीही. मराठीच्या तासाला लाकडाच्या मोळीची गोष्ट सांगते. एकेक काठी मोडते, मोळी मोडत नाही, एकीचं बळ. पुढच्या तासाला उर्दूत म्हण येते, साझे की हंडिया चौराहे पर फूटती है. भागीदारीतली हंडी चव्हाट्यावर फुटते. दरवर्षी एखादं चलाख पोर विचारतंच, "टीचर, मग खरं कोणतं?" मी हसून वेळ मारून नेते. या दोन कार्डांचा इतिहास वाचायला बसले तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर आला, आणि या वेळी तो टाळता येईना, कारण पैसे माझे गेले होते.

गोष्ट २०१४ची. भाचा तेव्हा धुळ्यात डिप्लोमाला होता. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या चाचानं त्याला एक भारी ग्राफिक्स कार्ड आणून दिलं होतं. पोरगा गेम खेळायचा, पण नुसता खेळायचा नाही, मशीन उघडून बघायचा. एक दिवस फोन आला. "खाला, याच्यासारखंच दुसरं कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतंय. दोन्ही जोडली की ताकद दुप्पट. मग मी लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगची कामं घेईन. सहा महिन्यांत पैसे परत." माझी बीसी त्याच महिन्यात लागली होती. पैसे गच्चीची गळती काढायला ठेवले होते. मी दिले. दुप्पट हा शब्द ऐकला की हिशेब करणारी बाईसुद्धा हिशेब थांबवते.

त्या संध्याकाळी दूल्हाभाई लूमवरून आले. त्यांचं सगळं आयुष्य धुळ्यात आणि त्याआधी मालेगावात पॉवरलूमवर गेलेलं. चहा पिता पिता पोराचं म्हणणं त्यांनी ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "दो लूम पे दो साडियाँ निकलती हैं. एक साडी दो लूम पे कैसे निकालेगा रे?"

पोरगा हसला. मीही हसले. बी.एड. झालेली बाई मी, मला तो अडाणी प्रश्न वाटला. आज वाटतं, गेल्या पंचवीस वर्षांतला या विषयातला सगळ्यात नेमका प्रश्न त्या दिवशी आपाच्या ओसरीवर विचारला गेला होता. अमेरिकेतल्या कंपन्या तोच प्रश्न सोडवत होत्या आणि शेवटी त्यांनी तो घरातल्या कॉम्प्युटरपुरता सोडून दिला.

आधी ग्राफिक्स कार्ड करतं काय, ते सांगते. स्क्रीनवरचं चित्र ठिपक्यांचं असतं. साध्या फुल एचडी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. गेम सुरू असताना यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा आणि पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढायचं. ही मजुरी कार्डाची. मजूर कमी पडला की चित्र अडखळतं. मग माणसाच्या मनात साहजिकच येतं, दुसरा मजूर आणू या.

हे पहिल्यांदा घरगुती बाजारात चाललं ते १९९८ साली. अमेरिकेत थ्रीडीएफएक्स नावाची कंपनी होती, तिचं व्हूडू-२ हे कार्ड तेव्हाच्या गेमवाल्यांचं स्वप्न होतं. मोठं, १२ एमबीचं कार्ड ३०० डॉलरच्या आसपास. एक कार्ड ८०० बाय ६०० पर्यंतच चित्र काढू शकायचं. दोन घेऊन आतून केबलनं जोडली की १०२४ बाय ७६८. गंमत म्हणजे हे कार्ड फक्त गेमचं त्रिमितीय चित्र काढायचं, साध्या कामाला वेगळं कार्ड लागायचंच. म्हणजे जोडी करणाऱ्याच्या डब्यात एकूण तीन कार्डं.

दूल्हाभाईंच्या प्रश्नाला थ्रीडीएफएक्सचं उत्तर होतं ते असं: एक साडी दोन मागांवर काढायची तर आडव्या ओळी वाटून घ्या. पहिलं कार्ड विषम ओळी काढेल, दुसरं सम. ७६८ ओळींपैकी ३८४ याच्या, ३८४ त्याच्या. शेवटी दोघांच्या ओळी एकात एक गुंफून स्क्रीनवर पाठवायच्या. नावच होतं स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, तीन अक्षरांत एसएलआय. माझ्या वर्गात दोन मुलींना एकाच रेघी वहीवर एक ओळ तू, एक ओळ मी असं लिहायला बसवलं तर जे होईल, तसंच. आणि हे चाललंही चांगलं, कारण त्या काळचे गेम साधे होते. एका ओळीचं शेजारच्या ओळीशी फारसं देणंघेणं नसायचं. शिवाय काम आपोआप समान वाटलं जायचं. चित्रात डोंगर असो की आभाळ, दोघांच्या वाट्याला ते अर्धं अर्धंच येणार.

मग ही जोडी मधल्या काळात गायब झाली. तिची पहिली अडचण अगदी लाकूडकामाइतकी सरळ होती. मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाची नवी खाच आली, जास्त वेगाची, पण बोर्डावर ती एकच असायची. बैल दोन आणि जू एकाचं. दुसरीकडे थ्रीडीएफएक्सनं १९९८च्या अखेरीस एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. तोवर ही कंपनी चिप विकायची आणि इतर लोक त्यांची कार्डं बनवायचे. आता तिनं त्याच लोकांच्या धंद्यात पाय घातला आणि ते दुसऱ्या चिपवाल्यांकडे गेले. डिसेंबर २०००मध्ये थ्रीडीएफएक्सनं आपली मुख्य मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला विकायचं जाहीर केलं.

एनव्हिडियानं २००४ साली तीच तीन अक्षरं पुन्हा बाजारात आणली. पीसीआय एक्स्प्रेस ही नवी खाच आली होती आणि ती बोर्डावर एकाहून जास्त ठेवता येत होती. अक्षरं तीच, एसएलआय, पण अर्थ बदलला. आता ते झालं स्केलेबल लिंक इंटरफेस. जुन्या नामांकित दुकानाची पाटी विकत घेऊन आत वेगळाच माल ठेवावा, तसं. २००५ला प्रतिस्पर्धी एटीआयनं क्रॉसफायर नावानं आपली जोडी काढली. पुढच्याच वर्षी एटीआयला एएमडीनं विकत घेतलं आणि इथून पुढची पंधरा वर्षं या दोघांची चढाओढ चालली. दोन झाली, मग तीन, मग चार कार्डं एका डब्यात.

आत काय बदललं होतं, ते मात्र खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. २००४पर्यंत गेम इतके गुंतागुंतीचे झाले होते की एक ओळ तुझी, एक माझी हे चालेना. मग चित्राचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करून पाहिले. वर आभाळ, खाली माणसं, घरं, गवत. वरच्याचं काम चट्‌कन संपतं, खालचा घाम गाळत बसतो. म्हणून मधली रेघ सतत वरखाली सरकवत राहायची. हेही फार पुढे गेलं नाही. शेवटी सगळ्यांनी धरला तो तिसरा मार्ग: चित्राचे तुकडेच करायचे नाहीत. पहिलं अख्खं चित्र एका कार्डानं काढायचं, दुसरं दुसऱ्यानं, तिसरं पुन्हा पहिल्यानं. एटीआयनं १९९९मध्येच एका कार्डावर दोन चिप बसवून हा प्रयोग केला होता.

दूल्हाभाईंच्या भाषेत हे उत्तर म्हणजे प्रश्नाला बगल देणं. एक साडी दोन मागांवर निघत नाही ना? मग दोन मागांवर दोन साड्या काढा आणि गिऱ्हाइकाला एक इकडची, एक तिकडची अशी आलटून पालटून द्या.

मोजणीत हे जोरात दिसायचं. सेकंदाला ४० चित्रं काढणारं कार्ड जोडीनं ७०–७५पर्यंत जायचं. मासिकांतले तक्ते हेच सांगायचे. पण खेळणाऱ्यांची तक्रार वेगळी होती. आकडा ६०चा दिसतो आणि डोळ्याला ४०चं वाटतं. कारण सरासरी. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक यायला हवं. प्रत्यक्षात दोन कार्डांची लय जुळली नाही की एक चित्र ५ मिलिसेकंदात यायचं आणि पुढचं २८नं. साठ चित्रं पूर्ण, पण डोळ्याला बसतो तो मधला खड्डा. याला मायक्रोस्टटर म्हणतात. २०११मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी सोडून एकेका चित्राचा वेळ मोजायला सुरुवात केली आणि खेळणाऱ्यांची कुरकुर पहिल्यांदा कागदावर आली. २०१३च्या ऑगस्टमध्ये एएमडीनं लय सुधारणारा ड्रायव्हर दिला. आमच्या शाळेतही सरासरी निकाल ८० टक्के असतो आणि मागच्या बाकावरच्या चार पोरांना वाचता येत नसतं. सरासरीवर माझा विश्वास तसाही कमीच आहे.

दुसरी गोष्ट मेमरीची. दोन कार्डं दोन दोन जीबीची, म्हणून चार जीबी झाली असं सगळे समजायचे. भाचाही समजला होता. तसं होत नाही. दोघांनाही तेच चित्र काढायचं, म्हणून तेच सगळं सामान दोघांकडे हवं. वर्गात दोन मुलांना एकच धडा वाचायचा तर बालभारतीच्या दोन प्रती लागतात. पुस्तकं दोन झाली, धडे वाढले नाहीत.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. ही जोडी आपोआप चालायचीच नाही. प्रत्येक नव्या गेमसाठी कंपनीचे इंजिनिअर बसून बघायचे की या गेमचं काम दोघांत कसं वाटायचं, कुठे थांबायचं, कोणी कोणाला काय द्यायचं. तो हिशेब ते ड्रायव्हरमध्ये प्रोफाइल म्हणून घालायचे. पॉवरलूममध्ये जॉबर असतो. तो स्वतः कापड विणत नाही. पण धोटा कुठे अडकतोय, कोणत्या लूमचं टायमिंग बिघडलंय, हे त्याच्या कानाला कळतं. जॉबर दोन दिवस आला नाही की चांगल्या लूमसुद्धा रडायला लागतात. या जोडकार्डांचा जॉबर दूर कुठेतरी पगारावर बसलेला होता आणि त्याचा पगार खोक्याच्या किमतीत आपल्याला दिसत नव्हता.

दुसरं कार्ड मुंबईहून आलं. त्याच्यापाठोपाठ कळलं की जुना पॉवर सप्लाय पुरणार नाही. एकेक कार्ड अडीचशे वॅटचं. दोघांचे ५००, बाकी मशीन वेगळं. म्हणून हजार वॅटचा सप्लाय. तो आपानं घेऊन दिला, माझ्यापासून लपवून. कार्डं कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही. दोन्हीकडच्या जोड्यांची कथा तेव्हा सारखीच होती.

पहिल्या रात्री बॅटलफिल्ड ४ लावला आणि खरंच, पोरगा उड्या मारायला लागला. जवळजवळ दुप्पट. मला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. मला काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा कळला. मग मे महिना आला. खानदेशातला मे, पारा ४५ला, त्याची खोली पत्र्याखाली. दोन कार्डं एकमेकांना चिकटून बसलेली. खालच्याची गरम हवा वरच्याचे पंखे ओढून घ्यायचे. वरचं ९० अंशांच्या पुढे गेलं की स्वतःच वेग कमी करायचं. त्यानं डब्याची बाजू काढून टेबलफॅन लावला. आपा म्हणायची, घरात एकच पंखा चालू आहे आणि तो मशीनला आहे. त्याच महिन्यात वुल्फेनस्टाइनचा नवा भाग आला. त्यानं हौसेनं लावला, आणि दुसरं कार्ड ढिम्म. त्या गेमचं इंजिन दोन कार्डांना कामच देत नव्हतं. रात्रभर सेटिंग बदलत बसला. चूक त्याच्या हाताची नव्हती, पण हे त्याला कोण सांगणार? तो समजत राहिला की आपणच काहीतरी बिघडवलं, खालाचे पैसे पाण्यात घातले. त्यानंतर दोन वर्षं तो माझा फोन टाळायचा.

कामाच्या वाटणीचं गणित १९६७मध्येच जीन अ‍ॅमडाल यांनी मांडून ठेवलं होतं. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. बिर्याणीचं घ्या. कांदे चिरायला दोघी बसल्या तर निम्म्या वेळात होतात. पण दम द्यायला लागणारा वेळ दोघी असल्या तरी तेवढाच. कामाचा १० टक्के भाग न वाटता येणारा असेल तर दोघांत वेग १.८२ पट होतो. तोच भाग ३० टक्के असेल तर १.५४ पट. तिसरा माणूस आणला की फायदा आणखी कमी, रिक्षाभाडं मात्र तिघांचं.

आणि गेमच्या चित्रातला दमाचा भाग वाढतच गेला. कडा गुळगुळीत दिसाव्यात, सावल्या खऱ्या वाटाव्यात म्हणून २०१२–१३नंतरचे गेम आधीच्या चित्रातली माहिती पुढच्या चित्रात वापरायला लागले. म्हणजे दुसऱ्या कार्डाला आपलं चित्र पुरं करायला पहिल्याचं चित्र आधी हातात हवं. आलटून पालटून काढण्याची सगळी युक्ती इथे मोडली. दोन साड्या वेगळ्या होत्या तोवर ठीक होतं. आता दुसऱ्या साडीचा काठ पहिलीच्या पदरातून सुरू व्हायला लागला.

२०१५ला मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स १२ आलं आणि वाटणी करायची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर टाकता यायला लागली. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेमनं तर दोन शत्रू कंपन्यांची कार्डं एका मशीनमध्ये एकत्र चालवून दाखवली. मला हा प्रसंग फार आवडतो. पण असा खेळ करायला वेळ आणि माणसं कोण देणार? जोडी ठेवणारे गिऱ्हाईक शंभरात एखादा. त्याच्यासाठी महिनोन्‌महिने कोण राबेल? फार थोड्यांनी केलं.

शेवट हळूहळू झाला. २०१६च्या पिढीत एनव्हिडियानं गेमसाठी तीन–चार कार्डांचा नाद सोडला आणि दोनवर आणलं. २०१८ला जोडायची सोय वरच्या महागड्या कार्डांपुरती ठेवली. २०२०च्या पिढीत एकट्या ३०९०ला ती खाच राहिली. त्याच सप्टेंबरमध्ये जाहीर झालं की १ जानेवारी २०२१पासून जुन्या कार्डांसाठी नवी प्रोफाइल बनणार नाहीत. जॉबरला घरी पाठवलं. २०२२च्या ४०९०वर ती खाचही उरली नाही.

इथेच थांबले असते तर हंडीची म्हण खरी, मोळीची खोटी असं म्हणून मोकळी झाले असते. पण याच इतिहासाचा दुसरा धागा पुण्यातून जातो.

१९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या आणि इतर मोठ्या गणितांसाठी सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि अमेरिका हवी तेवढी ताकद असलेलं मशीन द्यायला तयार नव्हती. १९८८ला पुण्यात सी-डॅक सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. एक महाकाय प्रोसेसर बनवणं आपल्या हातात नव्हतं. म्हणून वाट धरली ती पुष्कळ लहान प्रोसेसर जोडून एक मोठं मशीन करायची. १९९१ला परम ८००० उभा राहिला. त्यात इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या चिपची खासियत अशी की प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या जन्मापासूनच असायच्या. म्हणजे भागीदारी नंतर बाहेरून चिकटवलेली नव्हती, ती मुळातच घडणीत होती.

कामही तसं निवडलेलं. हवामानाचं गणित करताना नकाशाचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन एकाकडे. मधूनमधून फक्त सीमेवरचं शेजाऱ्याला सांगायचं, माझ्याकडून वारा येतोय, इतका येतोय. आणि हे उत्तर सेकंदाला साठ वेळा कोणी मागत नाही. कोणी २८ मिलिसेकंद उशिरा आला तरी पाऊस त्याच्यावर रुसत नाही.

२०२०च्या नोव्हेंबरात जगातल्या ५०० वेगवान मशीनची यादी आली. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय तिच्यात ६३वा होता. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए-१०० यंत्रांचा बनलेला आहे, आणि एकेका यंत्रात आठ ग्राफिक्स प्रोसेसर एकमेकांशी जोडलेले असतात, एनव्हीलिंकनं. घरगुती कार्डांच्या माथ्यावरून ज्या जोडणीची खाच काढून टाकली जात होती, तीच. तारखा पुन्हा बघा. सप्टेंबरमध्ये घरातल्या दोघांची फारकत जाहीर झाली, नोव्हेंबरमध्ये आठ आठ जणांच्या टोळ्या यादीत झळकल्या. तंत्र मेलं नव्हतं. ते घर सोडून तिथे गेलं, जिथे जॉबरचा पगार द्यायला कोणी तयार होतं.

मधल्या काळात एक तिसरा प्रकारही होऊन गेला, तो दूल्हाभाईंना सगळ्यात लवकर समजला असता. इथेरियमसारखी आभासी नाणी काढणारे लोक एका सांगाड्यावर सहा सहा, आठ आठ कार्डं लावायचे. त्यांना जोडणीचा तुकडा लागायचाच नाही, कारण कोणाचं कोणाशी काम नव्हतं. सहा लूम, सहा साड्या, प्रत्येकीचा ताणाबाणा वेगळा. त्या काळात साध्या गेमवाल्याला एक कार्डसुद्धा धड भावात मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि वापरून झिजलेली कार्डं सेकंडहँड बाजारात येऊन पडली.

दूल्हाभाई २०१९ला गेले. त्यांना हे सगळं सांगायचं राहिलं.

भाचा आता पुण्यात ॲनिमेशनच्या एका स्टुडिओत आहे, रेंडरिंग विभागात. एका फिल्मची हजारो चित्रं मशीनींवर वाटून देणं हेच त्याचं काम. तिथे दोन कार्डं लावली की जवळपास दुप्पट काम होतं, कारण प्रत्येक कार्ड आपलं चित्र घेऊन एका कोपऱ्यात बसतं, कोणाला घाई नसते. खोका घरी आणल्यावर त्याला फोन केला. म्हणाला, "खाला, अब्बांनी विचारलं होतं ना तेव्हा, मी हसलो होतो. नोकरीच्या इंटरव्ह्यूला तोच प्रश्न आला. अब्बांची साडी सांगितली. घेतलं त्यांनी." २०१८ला पहिल्या पगारातून त्यानं माझे २६ हजार परत केले होते, पाकिटात घालून, एक शब्द न बोलता. गच्ची तोवर दोनदा गळून झाली होती. लग्नाची व्हिडिओ एडिटिंगची कामं त्यानं खरंच केली होती का, असं मी पहिल्यांदा विचारलं. म्हणाला, अकरा लग्नं केली. दोन्ही कार्डं एकत्र कामाला लागायची ती फक्त तेव्हाच.

एक कार्ड जळगावात माझ्या जुन्या विद्यार्थिनीला दिलं. ती लग्नाचे अल्बम डिझाइन करते. तिच्या मशीनमध्ये ते एकटं व्यवस्थित चालतंय. दुसऱ्याचा पंखा जाम झालाय, दुरुस्तीवाल्यानं ठेवून घेतलंय, सुटे भाग होतील म्हणाला. जोडणीचा तो बोटभर तुकडा मात्र कोणीच घेतला नाही. तो माझ्या टेबलावर, खडूंच्या डब्यात आहे.